सेव्ह केलेल्या नोंदी परत चालवल्यावर गायब: व्हिज्युअल स्टुडिओ शिकताना हमखास येणारी अडचण

लक्षण ठरलेलं असतं. विंडोज फॉर्म्समध्ये छोटं अ‍ॅप्लिकेशन केलंय, डेटाबेसची फाईल प्रोजेक्टमध्ये जोडलीय. फॉर्म भरला, सेव्ह दाबलं, ‘नोंद जतन झाली’ असा मेसेज आला, ग्रिडमध्ये ओळसुद्धा दिसली. मग प्रोग्रॅम बंद करून एखाद्या लेबलचा रंग बदलला, परत चालवायला एफ फाईव्ह दाबलं, आणि ग्रिड रिकामं. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत मी डेस्कटॉप प्रोग्रॅमिंग शिकवतो. डिप्लोमा आणि बीसीएच्या पोरांचं प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की हा प्रश्न रोज दारात उभा असतो. गुळाच्या अडतीचा हिशेब हा आमच्याकडचा लाडका प्रोजेक्ट, कारण कुणाचा ना कुणाचा मामा शाहू मार्केट यार्डात असतोच. शेतकऱ्याचं नाव, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, दर, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा करून पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, छापायची. प्रोजेक्ट तसा सरळ आहे. पण पोरगं येऊन म्हणतं, “सर, इन्सर्ट चालतंय, पण टेबलात काय दिसंना.” आणि तोवर त्यानं धडधाकट इन्सर्ट क्वेरी चार प्रकारे मोडून ठेवलेली असते.

म्हणून पहिली विनंती: क्वेरीला हात लावू नका. आधी दोष सेव्ह होण्यात आहे की सेव्ह झाल्यानंतर काही घडतंय, ते ठरवा. त्याला दोन मिनिटं लागतात.

सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये प्रोजेक्टच्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फोल्डर इन फाईल एक्सप्लोरर’ घ्या. आत बिन फोल्डर, त्यात डीबग. नव्या डॉटनेटमध्ये त्याच्याही आत ‘नेट ८.० विंडोज’ अशा नावाचा आणखी एक फोल्डर असतो. तिथं तुमची एक्झी फाईल पडलेली असेल. व्हिज्युअल स्टुडिओ बाजूला ठेवा आणि त्या एक्झीवर थेट डबल क्लिक करा. एक नोंद भरा, सेव्ह करा, बंद करा, परत डबल क्लिक करून उघडा.

नोंद दिसली तर सेव्हचा कोड ठणठणीत आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. नोंद इथंही दिसली नाही तर दोष खरोखर सेव्ह करण्यात आहे. ट्रान्झॅक्शन उघडून कमिट (पक्कं) करायचं राहिलं असेल. टेबल अ‍ॅडॅप्टर वापरत असाल तर अपडेटच्या आधीच अ‍ॅक्सेप्ट चेंजेस बोलावलं गेलं असेल. मग अ‍ॅडॅप्टरला बदललेली ओळच सापडत नाही आणि तो मुकाट शून्य परत देतो. बाइंडिंग सोर्सचं एंड एडिट राहिलं तरी असंच होतं. या तिन्हीपैकी काही निघालं तर ते दुरुस्त करा.

आता खरी भानगड.

एफ फाईव्ह दाबलं की व्हिज्युअल स्टुडिओ आधी बिल्ड करतो. बिल्डमध्ये कोडची एक्झी होते आणि प्रोजेक्टमधल्या काही फाईली त्या एक्झीशेजारी बिनमध्ये कॉपी होतात. त्या काहींमध्ये तुमचा डेटाबेसही असतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन फाईली झाल्या: एक प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरात, एक बिनमध्ये. प्रोग्रॅम चालतो बिनमधून, म्हणून लिहितोही बिनमधल्याच फाईलीत. पुढच्या बिल्डला मूळ फोल्डरातली कोरी फाईल परत बिनमध्ये जाऊन भरलेल्या फाईलीवर बसते. अडतीत दिवाणजींनी दिवसभर वही लिहावी आणि रोज सकाळी पोऱ्यानं ती उचलून त्या जागी कोऱ्या वहीची झेरॉक्स ठेवावी, तसा हा कारभार. दिवाणजींचं अक्षर तपासून काय उपयोग?

गोंधळ वाढवायला सर्व्हर एक्सप्लोरर आहेच. डेटाबेस जोडताना तिथं जे कनेक्शन तयार होतं ते मूळ फोल्डरातल्या फाईलीचं असतं. तुम्ही नोंद भरता, लगेच तिकडं जाऊन ‘शो टेबल डेटा’ करता आणि टेबल रिकामं दिसतं. रिकामंच दिसणार. प्रोग्रॅमनं त्या फाईलीला हात लावलेलाच नाही. कोड मोडायला इथूनच सुरुवात होते. एक्झिक्यूट नॉन क्वेरी किती ओळींवर परिणाम झाला तो आकडा परत देतो, तो मेसेज बॉक्समध्ये दाखवा. १ आला तर नोंद कुठल्या तरी फाईलीत नक्की गेलीय. कुठल्या, एवढंच शोधायचं राहतं.

ही कॉपी करायला सांगितलं कुणी? बहुतेक वेळा तुम्हीच. डेटा सोर्सचा विझार्ड वापरताना मध्येच एक खिडकी येते. तुम्ही निवडलेली डेटा फाईल या प्रोजेक्टमध्ये नाही, ती प्रोजेक्टमध्ये कॉपी करून कनेक्शन बदलायचं का, असं ती विचारते. त्याखाली स्वच्छ लिहिलेलं असतं की कॉपी केलीत तर अ‍ॅप्लिकेशन चालवताना दर वेळी ही फाईल आउटपुट डिरेक्टरीत कॉपी होईल. मजकूर लांबलचक, खाली येस आणि नो. वर्गात मी अजून एकालाही ती खिडकी वाचताना पाहिलेलं नाही. सगळे येस दाबतात.

तात्पुरता उपाय सगळ्यांना सापडतो. सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये डेटाबेस फाईलीवर क्लिक करा, एफ फोर दाबून प्रॉपर्टीज उघडा. ‘कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी’ या ओळीत ‘कॉपी ऑलवेज’ असेल, तिथं ‘कॉपी इफ न्यूअर’ करा. आता मूळ फाईल बिनमधल्यापेक्षा नवी असेल तरच कॉपी होईल. नोंदी राहायला लागतात आणि सगळे खूश होतात.

माझ्या मते ‘कॉपी इफ न्यूअर’ हा ‘कॉपी ऑलवेज’पेक्षा जास्त धोक्याचा आहे. ‘कॉपी ऑलवेज’ निदान दर वेळी पुसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी कळतं. ‘इफ न्यूअर’ आठवडाभर नीट चालतो. मग एके दिवशी तुम्ही सर्व्हर एक्सप्लोररमधून मूळ फाईल उघडून एक कॉलम वाढवता. त्या फाईलीची तारीख आजची होते आणि पुढच्या एफ फाईव्हला आठवड्याच्या नोंदी जातात. एसक्यूएल सर्व्हरची एमडीएफ फाईल असेल तर बदल करायचीही गरज नाही, नुसती उघडली तरी तारीख बदलू शकते. रीबिल्डचंही तसंच. रीबिल्ड म्हणजे आधी क्लीन आणि मग बिल्ड, आणि क्लीन जे जे कॉपी करून ठेवलंय ते पुसून टाकतो. ‘कधी जातंय, कधी राहतंय’ अशी तक्रार आली की मी न बघता सांगतो, तिथं इफ न्यूअर असणार.

आणि फोल्डर एकच असतो असंही नाही. वरच्या पट्टीतलं डीबग बदलून रिलीज केलं की प्रोग्रॅम बिनमधल्या रिलीज फोल्डरातून चालतो, आणि तिथं वेगळी, कोरी फाईल असते. डॉटनेट ६ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला म्हणून बऱ्याच जणांनी प्रोजेक्ट डॉटनेट ८ वर नेले. फोल्डराच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, म्हणून तिथंही नवा फोल्डर, नवी फाईल. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस वापरणाऱ्यांची गंमत आणखी वेगळी. ‘प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही’ अशी एरर येते, कुणीतरी सांगतं की एक्स ८६ (म्हणजे ३२ बिट) कर, मग कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये नवा प्लॅटफॉर्म बनवला जातो. एरर जाते आणि तिच्याबरोबर नोंदीही, कारण आता बिनच्या आत एक्स ८६ नावाचा आणखी एक फोल्डर झालाय. सल्ला चुकीचा नव्हता. प्रोग्रॅम आणि ऑफिस ३२ बिट की ६४ बिट यांचा मेळ बसावाच लागतो. फक्त डेटा जुन्या फोल्डरात राहिला.

या तिन्ही प्रकारांत डेटा पुसलेला नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. घाबरून काही करण्याआधी प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरात डेटाबेस फाईलीच्या नावानं सर्च मारा. जितक्या फाईली सापडतील त्यांचा आकार आणि बदलल्याची तारीख बघा. जी मोठी आणि ताजी, ती तुमची. ती आधी दुसरीकडं कॉपी करून ठेवा, मग पुढची खुडबूड.

एसक्यूलाइट असेल तर

हल्ली बरीच पोरं एसक्यूलाइट घेतात आणि ते बरंच आहे. एका कॉम्प्युटरवर चालणाऱ्या दुकानासाठी लोकलडीबीचा, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या छोट्या आवृत्तीचा, पसारा मला पटत नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते वेगळं बसवावं लागतं आणि ते बसलं नाही म्हणून फोन येतात. एसक्यूलाइट म्हणजे एक फाईल आणि एक लायब्ररी.

पण त्याची एक खोड आहे. सांगितलेल्या जागी फाईल सापडली नाही तर ते तक्रार करत नाही, त्या जागी नवी रिकामी फाईल तयार करतं. मग पहिल्याच सिलेक्टला ‘नो सच टेबल’ अशी एरर येते. पोरं टेबलच्या नावाचं स्पेलिंग तपासत बसतात. स्पेलिंग बरोबर असतं, फाईल चुकीची असते. बिनमध्ये शून्य केबीची डेटाबेस फाईल दिसली की समजायचं, ही आत्ता जन्मलेली आहे. मायक्रोसॉफ्टची एसक्यूलाइट लायब्ररी वापरत असाल तर कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेस कुठं आहे ते सांगणाऱ्या ओळीत) मोड ‘रीडराइट’ करा. मग फाईल नसेल तर ती सरळ ‘अनएबल टू ओपन डेटाबेस फाईल’ अशी १४ नंबरची एरर देते. ही एरर आली की आनंद माना, कारण ती खरं कारण सांगते.

कनेक्शन स्ट्रिंगमध्ये नुसतं फाईलीचं नाव लिहिलं असेल तर ती फाईल ‘करंट डिरेक्टरी’त, म्हणजे प्रोग्रॅम त्या क्षणी ज्या फोल्डरात आहे असं विंडोज धरतं तिथं, शोधली जाते. एक्झीचं फोल्डर आणि करंट डिरेक्टरी बहुतेक वेळा एकच असतात, म्हणून हा फरक महिनोन्महिने लक्षात येत नाही. तो लक्षात येतो तो ओपन फाईल डायलॉगमुळे. शेतकऱ्याचा फोटो निवडायला बटण दिलंय, वापरणाऱ्यानं पिक्चर्स फोल्डरात जाऊन फोटो निवडला, आणि त्यानंतर सेव्ह दाबलं की ‘नो सच टेबल’. फोटो न निवडता सेव्ह केलं तर सगळं नीट! डायलॉगनं करंट डिरेक्टरी पिक्चर्सवर नेऊन ठेवलेली असते आणि एसक्यूलाइटनं तिथंच नवी फाईल काढलेली असते. डायलॉगची ‘रिस्टोअर डिरेक्टरी’ ही प्रॉपर्टी ट्रू केली की हे थांबतं. पण खरा इलाज नुसतं नाव न लिहिता पूर्ण पाथ देण्याचाच. टास्क शेड्यूलरमधून प्रोग्रॅम सुरू केलात तर करंट डिरेक्टरी विंडोजच्या सिस्टिम ३२ मध्ये जाऊन बसते. तिथं तर लिहायलाही मिळत नाही.

वर्गात मी एक नियमच केलाय. शिकत असेपर्यंत मुख्य फॉर्मच्या टायटल बारवर, ‘गूळ अडत हिशेब’ या नावाशेजारी, डेटाबेस फाईलीचा पूर्ण पाथ दाखवायचा. पाथ क्लासचं गेट फुल पाथ वापरलं की एका ओळीचं काम. दिसायला ओंगळ दिसतं, परीक्षकांना दाखवायच्या आदल्या रात्री काढून टाका. पण तोवर कुठली फाईल उघडलीय हा प्रश्नच उरत नाही.

मग फाईल ठेवायची कुठं?

बिनमध्ये नाही आणि एक्झीशेजारीही नाही. बिन व्हिज्युअल स्टुडिओची जागा आहे, त्याला वाटेल तेव्हा तो ती पुसतो. एक्झीशेजारची जागा दुकानात गेल्यावर अडचणीची ठरते, कारण प्रोग्रॅम तिथं बसतो तो प्रोग्रॅम फाईल्समध्ये आणि साध्या युझरला तिथं लिहायची परवानगी नसते. तुमच्या मशीनवर सगळं चालतं, यार्डात नेलं की सेव्हला ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. मग कुणीतरी राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ शिकवतं आणि दिवाणजी जन्मभर तसंच उघडत राहतात. हे शिकवू नका.

जुन्या प्रोग्रॅममध्ये हाच दोष जास्त छुपा असतो. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत व्हीबी ६ (जुनं व्हिज्युअल बेसिक) मधले प्रोग्रॅम अजून भेटतात, अ‍ॅक्सेसची एमडीबी फाईल एक्झीला चिकटून. अशा जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला विंडोज अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणत नाही. ते परस्पर त्याचं लिखाण त्या त्या युझरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात वळवतं. विंडोज व्हिस्टापासून हे असंच आहे. परिणाम असा की मालक आणि सुपरवायझर वेगवेगळ्या लॉगिननं बसत असतील तर दोघांना दोन वेगळे हिशेब दिसतात. नवीन कॉम्प्युटर घेतला की प्रोग्रॅम फाईल्समधला फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात, नव्यावर टाकतात, आणि उघडून बघितलं तर प्रोग्रॅम बसवला त्या दिवसाचा डेटा. मशीन बदलायची पाळी आली तर जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करायच्या आधी व्हर्च्युअलस्टोअर बघाच.

योग्य जागा दोन. प्रोग्रॅम एकच माणूस वापरणार असेल तर त्याचं लोकल अ‍ॅपडेटा. एकाच मशीनवर अनेक लॉगिन असतील तर सी ड्राइव्हवरचं प्रोग्रॅमडेटा. दोन्हींचे पाथ हातानं लिहू नका, एन्व्हायर्नमेंट क्लासचं गेट फोल्डर पाथ वापरा. पहिल्यासाठी ‘लोकल अ‍ॅप्लिकेशन डेटा’ आणि दुसऱ्यासाठी ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन डेटा’. त्यात आपल्या प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर करा आणि फाईल तिथं ठेवा.

प्रोग्रॅमडेटात एक मेख आहे, ती आधीच सांगतो. तिथं साधा युझर फाईल बनवू शकतो, पण ती त्याचीच राहते. दुसऱ्या लॉगिनला वाचता येते, लिहिता येत नाही. म्हणून सेटअप बनवतानाच त्या फोल्डरावर सगळ्या युझरना बदल करायची परवानगी द्या. इनो सेटअप या सेटअप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरांच्या विभागात ‘युझर्स मॉडिफाय’ लिहिलं की झालं. आणि देण्याआधी आपल्या मशीनवर अ‍ॅडमिन नसलेलं दुसरं विंडोज अकाउंट उघडून त्यातून एकदा नोंद भरून बघा. मार्केट यार्डातली एक फेरी वाचते.

जागा ठरली की प्रोजेक्टमधली ती डेटाबेस फाईल काढूनच टाका, किंवा तिला ‘डू नॉट कॉपी’ करा. टेबलं प्रोग्रॅमनंच बनवावीत. सुरू होताना फाईल आहे का बघायचं, नसेल तर तयार करायची आणि ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ चालवायचं. इथं कोड स्वतः फाईल बनवतो, म्हणून ही पहिली जोडणी मात्र ‘रीडराइटक्रिएट’ मोडमध्ये करा, बाकी सगळ्या ‘रीडराइट’मध्ये. एमडीएफ सोडायची नसेल तर कनेक्शन स्ट्रिंगमधलं डेटा डिरेक्टरी हे नाव कुठल्या फोल्डराला लावायचं ते अ‍ॅपडोमेनच्या सेट डेटामधून सुरुवातीलाच सांगता येतं. कनेक्शन स्ट्रिंग तीच राहते.

बॅकअपचं थोडक्यात. एंटिटी फ्रेमवर्क कोर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस लायब्ररीनं बनवलेला एसक्यूलाइट डेटाबेस वाल पद्धतीत असतो. म्हणजे ताज्या नोंदी आधी शेजारच्या, नावाच्या शेवटी ‘वाल’ असलेल्या फाईलीत जातात. प्रोग्रॅम चालू असताना फक्त मुख्य फाईल पेनड्राइव्हवर घेतली तर आजच्या पट्ट्या बॅकअपमध्ये नसतील. लायब्ररीतलं बॅकअप डेटाबेस हे फंक्शन किंवा ‘व्हॅक्यूम इंटू’ वापरा आणि त्याला एक बटण द्या.

आता शेवटची जागा, आणि इथं शिकाऊ पोरांपेक्षा कामं घेणारे जास्त अडकतात. दिवाळी पाडव्याला गुळाचे नवे सौदे निघतात, त्याच्या तोंडावर मालक म्हणतात, “तेवढा हमालीचा दर बदलून द्या की.” तुम्ही दर बदलता, नवा सेटअप बनवता, जाऊन बसवता. सेटअपमध्ये डेटाबेस फाईल जोडलेली असेल तर तीच कोरी फाईल आता तुमच्या नाही, दुकानाच्या हिशेबावर बसते. गेल्या हंगामाच्या उचली, कुणाकडं किती बाकी, सगळं. इनो सेटअपमध्ये फाईल आधीच असेल तर टाकू नकोस आणि अनइन्स्टॉल करताना काढू नकोस, असे दोन फ्लॅग आहेत. डेटाबेस पाठवायचाच असेल तर दोन्ही लावा. क्लिकवन्सनं (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम बसवायच्या पद्धतीनं) पाठवत असाल तर नव्या आवृत्तीत डेटा फाईलीची तारीख बदललेली दिसताच ते नवी कोरी फाईल पुढं करतं आणि जुनी ‘प्री’ नावाच्या पोटफोल्डरात सरकवतं. फोन आला तर आधी तिथं बघा. आणि हमालीचा दर कोडमध्ये ठेवूच नका. त्याचं एक टेबल करा, दिवाणजींना स्क्रीन द्या, ते बदलतील.